ते मीठ वेगळं होतं

आई,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. मी रत्नागिरी सोडून कुठे गेलो नाही आणि तुला वाचता येत नव्हतं. आता तुला जाऊन अडतीस वर्षं झाली आणि मी नातवाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन लिहायला बसलोय. सातवीपुढे शाळा झाली नाही, त्यामुळे शब्द इकडेतिकडे होतील. अक्षर तर पहिल्यापासून वेडंवाकडंच. तुझी सून होती तेव्हा बँकेचा अर्जसुद्धा तीच भरायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. तुला तिकडे भेटली असेल, तर हे मी लिहितोय त्यातलं तिला काही माहीत नाही. तिलाही मी कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी दोन दिवस हॉस्पिटलात होतो. आता घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टरबाई म्हणतात. मी घाबरलेलाच आहे, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. गॅस बंद केला की नाही ते मी तीनदा बघतो, दाराची कडी लावून परत येऊन हलवून बघतो. मुलगा बोटीवर असतो, सहा सहा महिने समुद्रात. घरात सून आणि नातू. मला ब्लडप्रेशर आहे, त्यासाठी लघवीची गोळी चालू आहे काही वर्षं. त्यात पोट बिघडलं, चार दिवस जुलाब झाले. सून म्हणाली डॉक्टरकडे जाऊ, मी म्हटलं पेज पितो, थांबेल. पाचव्या दिवशी बाजारातून येताना आपल्या आळीच्या पायऱ्या चढत होतो आणि मधेच पाय उचलेचना. दुखत नव्हता, काही नाही, फक्त उचलेना. दुसऱ्या कुणाचा पाय माझ्या कमरेला बांधलाय असं वाटलं. पायरीवर बसलो तर पोटरीत गोळा आला आणि छातीत धडधड सुरू झाली. धडधडसुद्धा सरळ नाही, दोन ठोके पडायचे, एक चुकायचा, मग तीन घाईने. मला तू आठवलीस. तू म्हणायचीस, छातीत पाखरू अडकलंय. अगदी तसंच.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. डॉक्टरबाई तरुण आहेत, सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. गोळीने लघवीवाटे जात होतं, वर जुलाबात गेलं. स्नायू आणि हृदय त्याच्यावर चालतात. बरं झालं आणलंत." छातीला वायरी लावल्या आणि सलाईनमधून ते थेंब थेंब सोडलं. हाताच्या शिरेत आग आग होत होती. मी म्हटलं जरा लवकर सोडा, म्हणजे लवकर सुटका होईल. तशी नर्स म्हणाली, "हे घाईत सोडायचं नसतं आजोबा, घाईत सोडलं तर हृदय बंद पडतं." मग मी दोन दिवस त्या थेंबांकडेच बघत बसलो. नर्सने लावलेला वेग बरोबर आहे की नाही याची काळजी माझी मी घेतली.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि एक बाटली दिली. पातळ औषध, नारिंगी रंगाचं. अर्धा ग्लास पाण्यात दोन चमचे, जेवणावर, दिवसातून तीन वेळा, सावकाश घोट घोट. नुसतं प्यायचं नाही, पोटात जळजळतं. आठ दिवसांनी परत रक्त तपासायचं. सुनेने हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. दुपारी वरणभात झाल्यावर तिने ग्लास आणून दिला. मी पहिला घोट घेतला.

आई, तो घोट तोंडात गेला आणि मी गिळायचंच विसरलो. वर नारिंगाचा वास, आत खारट, आणि खारटाच्या मागे जिभेच्या मुळाशी एक कडसर चव. मी ती चव अडतीस वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात घेतली होती. तुझ्या चमच्यातून.

मी ग्लास खाली ठेवला. सूनबाई म्हणाली, "बाबा, औषध आहे ते, सरबत नाही. नाक दाबून प्या." मी म्हटलं, "यात मीठ आहे." ती म्हणाली, "नसेल हो, तुम्हाला तर मीठ कमी करायला सांगितलंय." मी म्हटलं, "मला नको सांगू, आयुष्य मिठात गेलंय माझं." शेवटी तिने हॉस्पिटलात फोन लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "बरोबर ओळखलंत आजोबा. मीठच आहे. पण जेवणातलं नाही, ते वेगळं. जेवणातलं मीठ तुमचं प्रेशर वाढवतं. हे मीठ तुमच्या अंगात कमी पडलंय ते भरून काढतं. लागतं खारट, पण काम उलटं. प्या निर्धास्त." मी बरं म्हटलं, फोन सुनेला दिला आणि ग्लास संपवला. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. सुनेला वाटलं औषध बाधलं.

तुझे पाय सुजायला लागले ते वर्ष तुला आठवत असेल. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. चार पावलं चाललीस की दम. बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे तुला मी घेऊन गेलो. त्यांनी लघवीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद. झालं. मला तेवढंच पाहिजे होतं काळजी करायला. मी तेव्हा मिरकरवाड्याला बंदराजवळ मासे खारवायच्या शेडमध्ये कामाला होतो. दिवसभर माझे हात खड्या मिठात. मला वाटायचं, हे मीठ माझ्या कपड्यांतून, केसांतून घरात येतंय आणि तुझ्या पायात उतरतंय. म्हणून मी मागच्या दाराने यायचो, विहिरीवर अंग धुवायचो आणि मग घरात पाय ठेवायचो. तू हसायचीस. मी मिठाची बरणी माळ्यावर ठेवली. आंब्याच्या लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. तुझा जीव होता त्या लोणच्यावर. तू चुलीपुढे बसून अळणी पेज ढवळायचीस आणि म्हणायचीस, "मेल्या, माका जगवतोस की उपाशी मारतोस?"

मीसुद्धा तुझ्याबरोबर अळणीच जेवायला लागलो. एकदा भाताखाली काहीतरी कचकन दाताखाली आलं. तू माझ्या ताटात भाताखाली मिठाचे चार खडे लपवून ठेवले होतेस. मी ओरडलो. तू म्हणालीस, "दिवसभर घाम गाळतोस मिठात, तुला नको काय? डॉक्टरान माझा बंद केलान, तुझा नाय." मी ते खडे बाजूला काढले. आता वाटतं खायला हवे होते. तुझ्या हातचं शेवटचं मीठ होतं ते.

शेडमध्ये माझी एकच किंमत होती आणि ती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मिठाचा ट्रक आला की शेठ मला हाक मारायचे. मी चार पोत्यांतून चिमूट चिमूट घेऊन जिभेवर ठेवायचो. मिठागरातून नुकतंच उचललेलं मीठ कडसर लागतं, त्यात नको ते क्षार राहिलेले असतात. तशा मिठात बांगडा लावला तर तो पांढरा पडतो, लाकडासारखा होतो आणि खाताना कडू लागतो. जुनं, पावसाळा बघितलेलं, निथळलेलं मीठ चांगलं. माझी जीभ सांगायची हे घ्या, हे परत पाठवा. शेठ दुसरं काही विचारायचे नाहीत. घरी येऊन मी तुला सांगायचो आणि तू विहिरीवर बायकांना सांगायचीस, "माझ्या झिलाची जीभ लाख रुपयांची हाय." शाळेत नापास झालेल्या मुलाची आई होतीस तू. तुला सांगायला दुसरं काही नव्हतं, मला ऐकायला दुसरं काही नव्हतं.

गोळ्यांनी सूज उतरली. पण महिन्या दीड महिन्यात तू गळून गेलीस. कळशी उचलेना. रात्री पोटरीत गोळे, दिवसा छातीत पाखरू. मी डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, त्या गोळ्यांनीच तर हे होत नाही ना, बंद करू का? दवाखान्यात वीस माणसं बसलेली. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर तू की मी? शिक्षण किती तुझं?" मी म्हटलं, सातवी. "पास?" लोक हसले. ते म्हणाले, "मग औषधात डोकं घालू नकोस. घेऊन ये तिला." तुला नेलं. त्यांनी नाडी बघितली, हात दाबून बघितले आणि म्हणाले, हिचं पोटॅशियम कमी झालंय, रक्त बाहेर पाठवून तपासण्यात आठवडा जाईल, हे औषध लगेच चालू करा, चुकवू नका. माणूस वाईट नव्हता, आई. औषध बरोबरच दिलं होतं त्याने. फक्त त्याने सांगितलं नाही की ते खारट लागेल, आणि मी त्याला परत काही विचारायचं नाही असं ठरवून बाहेर पडलो.

तेव्हा तुझी सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून ताई सासरहून, पावसहून, तुझ्यासाठी राहायला आली होती. भाऊजी तिला सोडायला आले होते. मी बाटलीचं नाव सांगितलं तर भाऊजी मांडीवर हात मारून हसले. "पोटॅश? अहो, ता खत आम्ही आंब्याच्या कलमांना घालतो. आता बघा, म्हातारीला मोहोर येतो." तूसुद्धा हसलीस. मी नाही हसलो. माझ्या डोक्यात ते बसलं.

दुसऱ्या दिवशी ताई विहिरीवर गेली असताना तू मला आत बोलावलंस. हळूच म्हणालीस, "काय रे ह्या? मीठ बंद म्हणून सांगितलान आणि बाटलीत घालून मीठच दिलान? बघ जरा. तू मिठातला माणूस." तू चमच्यात ते ओतलंस आणि माझ्यापुढे धरलंस. मी जिभेवर घेतलं. डोळे मिटले, शेडमध्ये मिटायचो तसे. आणि सांगितलं, "मीठच आहे. आणि तेही चांगलं नाही. कच्चं, कडू मीठ आहे. रंग घातलाय."

तू विचारलंस, "मग घेऊ?"

मी म्हटलं, "नको. सूज परत येईल. मी विचारतो डॉक्टरला."

"ताईला काय सांगू?"

"तिला काही सांगू नको. ती भांडत जाईल दवाखान्यात आणि मला परत सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागेल. तिने विचारलं तर घेतलं म्हण."

तू मान हलवलीस. ती मान मला रोज दिसते. डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा तुला माझ्या जिभेवर विश्वास होता.

मी विचारायला गेलो नाही. आज जातो, उद्या जातो. बांगड्याचे दिवस होते, शेडमध्ये मान वर करायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे बाजारपेठेतून जाताना दवाखान्याच्या पायरीवर दोनदा पाय ठेवला होता. आत गर्दी दिसली आणि परत फिरलो. इकडे ताई तुला तिन्ही वेळा विचारायची, "घेतलंस गो?" तू म्हणायचीस, "घेतलंय, जा तू." बाटली तुझ्या उशाशी. ताई भाबडी, कधी उचलून बघितली नाही. गोळ्या मात्र चालूच होत्या. म्हणजे जे अंगातून जात होतं ते जातच होतं आणि भरून काढायचं ते मी अडवून ठेवलं होतं. हे मला आता कळलं. तेव्हा मी तुझे पाय दाबून बघायचो आणि सूज नाही म्हणून खूश व्हायचो.

बाटली आणल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी तू पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होतीस. ताई कपडे वाळत घालत होती. सूप पडल्याचा आवाज आला म्हणून ती वळली. मला शेडमध्ये निरोप आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मिठात होते. मी तसाच धावत आलो. विहिरीवर न जाता, पुढच्या दाराने.

आई, खरं काय ते मला माहीत नाही. औषध घेतलं असतंस तर जगली असतीस का? परवा तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरबाईंना आडून विचारलं. म्हटलं, आमच्या नात्यातली एक बाई होती, हृदय कमजोर, अंगावर सूज, हेच औषध दिलेलं, तिने घेतलंच नाही. त्या म्हणाल्या, "पोटॅशियम फार कमी झालं की ठोके बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. पण हृदय मुळातच कमजोर असेल तर औषध घेऊनही जाऊ शकतो. आता कसं सांगणार आजोबा? कोण होती?" मी म्हटलं, लांबची होती.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. ते तू बघितलं नाहीस.

तुझ्या दहाव्याला सगळे जमले होते. मामा तुझी गोधडी आवरायला गेला आणि उशाशी त्याला बाटली मिळाली. तो ती उजेडात धरून बाहेर आला. गळ्यापर्यंत भरलेली. त्याने सगळ्यांसमोर ताईला विचारलं, "ह्या काय? ह्या औषध तिला दिलासच नाय?" ताई गोंधळली. म्हणाली, "ती घेतलंय म्हणायची." मामा म्हणाला, "म्हणायची! तू कशाला आली होतीस मग? इतके दिवस झोपा काढल्यास? तुझ्या हातान मेली माझी बहीण." ताईने पदर तोंडात धरला आणि आत गेली. भाऊजी उठून अंगणात गेले. मी दाराजवळ पत्रावळी पुसत बसलो होतो. मी पुसतच राहिलो. एक झाली की दुसरी. सांगायला चार शब्द लागले असते. वीस माणसं बसलेली होती.

त्यानंतर ताई आपल्या घरी कधी मुक्कामाला राहिली नाही. यायची, जेवायची, संध्याकाळच्या गाडीने परत. आणि तिला एक सवय लागली. पावसला तिच्या घरी कुणी आजारी पडलं, की औषध तीच देणार, आणि गिळेपर्यंत समोर उभी राहणार. "तोंड उघड. जीभ वर कर." भाऊजींना त्यांच्या शेवटच्या आजारात तिने असंच केलं. नातवंडं तिची नक्कल करतात, एकमेकांना तोंड उघडायला लावतात आणि हसतात. मीही त्यांच्याबरोबर बसून हसलोय. अडतीस वर्षं मला ठाऊक होतं ती सवय कुठून आली.

मी हॉस्पिटलातून आलो हे कळल्यावर ताई रिक्षा करून आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, तरी दोन शहाळी घेऊन आली. सून म्हणाली, "आत्या, शहाळी चालतील, पण औषधाच्या ऐवजी नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." ताई म्हणाली, "ऐवजी कोण म्हणतोय? बाटली कुठाय?" तिने फ्रिजवरचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला, चमच्याने मोजलं, पाण्यात ढवळलं आणि ग्लास माझ्या हातात देऊन समोर उभी राहिली. सून हसत म्हणाली, "आत्या, मी देते ना रोज." ताई म्हणाली, "देतेस गो, पण बघतेस काय? म्हातारी माणसं लबाड असतात." मी प्यायलो. ती म्हणाली, "तोंड उघड."

मी तोंड उघडलं आणि सांगितलं. सून आमटीला फोडणी द्यायला आत गेली होती. मी म्हटलं, "ताई, आईने ती बाटली घेतली नाही, कारण मी तिला नको म्हटलं होतं."

ती ऐकू आलं नाही अशी बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी?"

"मी. मी चाखून बघितलं. मीठ आहे म्हटलं."

"आणि मला घेतलंय म्हणून सांग, ह्या?"

"तेही मीच सांगितलं."

ती खुर्चीवर बसली. चमचा तिच्या हातातच होता. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला मारेल. लहानपणी मारायची तशी मारली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मामा मला बोलला तेव्हा तू खय होतास?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे खय?"

"दाराजवळ. पत्रावळी पुसत होतो."

तिने मान हलवली. म्हणाली, "मामा गेला तेव्हा मी गेले नाय. दिवसांनाही गेले नाय. आईचा एकच भाऊ. ह्यांनी मला सांगितलानी, जा, मेल्या माणसाशी भांडण नको. मी म्हटलं, मला आईला मारलंस म्हणाला तो, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाय. आणि त्याचा काय चुकला होता? त्याला भरलेली बाटली दिसली, ता तो बोलला." मग म्हणाली, "आता मी कोणाकडे जाऊ?"

मी म्हटलं, "ताई, मला तेव्हा कळलं नाही." ती म्हणाली, "औषधाचा कळला नाय, कबूल. तुझी सातवी. पण पत्रावळी पुसताना तर कळत होता ना?"

सून बाहेर आली तोवर ती पिशवी घेऊन उभी होती. सून म्हणाली, "अहो आत्या, आमटी झालीय, जेवून जा." ताई म्हणाली, "भूक नाय गो बाय." दारात चपला घालताना तिला खाली वाकता येईना, सूनच खाली बसली आणि घातल्या. माझ्याकडे तिने बघितलं नाही. रिक्षा वळली तेव्हाही नाही.

त्याला आज बारा दिवस झाले. आधी रोज सकाळी तिचा फोन यायचा, गोळी घेतलीस का म्हणून. आता येत नाही. मी दोनदा लावला, तिच्या नातीने उचलला आणि म्हणाली आजी मागे बागेत आहे. गुडघे गेलेली बाई बागेत काय करते? मी विचारलं नाही. माझं रक्त परत तपासलं, पोटॅशियम वर आलंय. डॉक्टरबाईंनी औषध एका वेळेवर आणलं आणि बजावलं की आपल्या मनाने जास्त घ्यायचं नाही, कमी झालं तरी वाईट आणि जास्त झालं तरी हृदयाला वाईट, आणि बंद कधी करायचं ते मी सांगेन. मी सगळं लिहून घेतलं. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या दवाखान्यात बरीच माणसं होती, तरी मी तीनदा विचारलं. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. इतकं सोपं असतं ते, आई. तुझ्या वेळी मला एकदा विचारता आलं नाही.

तुला माझा राग आलाय का ते मला कळायला मार्ग नाही. मामा तिकडे असेल तर त्याला तूच सांग, ताईकडून चूक झाली नव्हती म्हणून. एवढं कर. बाकी मी तुझ्याकडे काही मागत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पावसच्या पत्त्यावर पाठवावं असं दोन दिवस मनात होतं, पण ताईला हे सगळं माहीतच आहे आणि ते लिहून तिच्या हातात परत द्यायचा मला हक्क नाही. वही नातवाच्या पुस्तकांखाली ठेवून देईन.

सुनेच्या कानावर आतून थोडंफार आलं होतं. तिने मला विचारलं, बाबा, इतक्या वर्षांनी कशाला सांगितलंत? मी तिला म्हटलं, ताईच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून. ती म्हणाली, बरं केलंत. पण तसं नव्हतं, आई. हॉस्पिटलात छातीला वायरी लावून पडलो होतो, तेव्हा मला वाटलं होतं की मी आता चाललो आणि तू समोर भेटशील. तुझ्यासमोर यायची मला भीती वाटली, म्हणून मी ताईला सांगितलं.